तळे, डबकी आणि एक आरसा

गेले काही महिने मी एकटीनेच एक छोटा द्विमितीय गेम तयार करत आहे. वरून तिरकस पाहणारा कॅमेरा, ३२० × १८० पिक्सेलचा पडदा (तो सहापट मोठा केला की बरोबर १९२० × १०८० होतो), सोळा पिक्सेलच्या चौकोनी फरश्या आणि उजव्या हातात कंदील धरलेला एक नायक, एवढाच त्याचा संसार आहे. त्यातील एका दृश्यात रात्रीची वेळ असून पाऊस नुकताच थांबलेला आहे. अंगणाच्या मध्यभागी एक तळे आहे, वाटेवर डबकी साचली आहेत, आतल्या दालनाची फरशी घासूनपुसून गुळगुळीत केलेली आहे आणि दालनाच्या मागच्या भिंतीवर एक उंच आरसा टांगलेला आहे. हे दृश्य कागदावर लिहिताना ‘सगळीकडे प्रतिबिंबे’ असे दोन शब्द मी सहज लिहून टाकले होते. ते दोन शब्द निस्तरायला मला जवळजवळ पाच आठवडे लागले.

पहिला मार्ग मी निवडला तो सर्वांत सोपा म्हणून. मी गोडो या गेम बनवण्याच्या इंजिनाची चौथी आवृत्ती वापरते. तिच्यात शेडरला, म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, पडद्याची प्रत वाचता येते, म्हणजे पाणी रंगवायच्या क्षणापर्यंत पडद्यावर जे काही उमटले असेल ते चित्र म्हणून हाती मिळते. मग पाण्याच्या वरच्या काठाला आरशाची रेघ मानायचे, आणि काठापासून जितके पिक्सेल खाली असू तितकेच पिक्सेल काठाच्या वर जाऊन तिथला रंग उचलायचा. गणित एका ओळीचे आहे. बाजूने पाहायच्या गेममध्ये, जिथे क्षितिज, झाडे आणि नायक सगळे एकाच रेषेवर उभे असतात, तिथे हा मार्ग चांगला चालतो आणि तो मी पूर्वी एकदा वापरलेलाही होता. त्याच सवयीने तो इथे लावला, चिमूटभर लाटा घातल्या, आणि पहिली दहा मिनिटे मी स्वतःवर खूश होते.

अकराव्या मिनिटाला नायक तळ्याच्या अलीकडच्या बाजूला आला आणि त्याचे डोके नाहीसे झाले. कारण अगदी साधे होते. तिरकस दृश्यात पाणी हा जमिनीचा भाग असतो आणि जमीन आधी रंगवली जाते, तर झाडे आणि माणसे तिच्यावर नंतर रंगतात. पाण्याच्या पाळीला झाडे अजून रंगलेलीच नसतील, तर पडद्याच्या प्रतीत ती कुठून येणार? म्हणून मी पाणी उचलून सर्वांच्या शेवटी रंगवायला ठेवले होते, आणि शेवटी रंगलेल्या पाण्याने अलीकडे उभ्या असलेल्या नायकाचे तळ्यावर डोकावणारे डोके झाकून टाकले.

हा दोष क्रम बदलून कसाबसा झाकता आला असता, पण दुसरा दोष झाकण्यासारखा नव्हता. तळ्याच्या पलीकडे थोडे गवत आहे आणि त्या गवतापलीकडे एक झाड आहे. माझ्या पाण्यात काठाला लागून आधी उलटे गवत दिसत होते, मग उलटा बुंधा, आणि झाडाचा शेंडा तर पाण्यात पोहोचतच नव्हता. पाहताना काहीतरी खटकत होते, पण नेमके काय ते कळायला मला एक थाळी, पाणी, काड्यापेटी आणि मेणबत्ती घेऊन बसावे लागले. थाळीच्या काठाशी काड्यापेटी आडवी ठेवली आणि तिच्यामागे मेणबत्ती उभी केली, तेव्हा पाण्यात जमीन मुळीच दिसत नाही हे प्रथम नीट लक्षात आले. जी वस्तू पाण्याच्याच पातळीत सपाट पसरलेली आहे, तिला पाण्यात दिसण्याजोगी उंचीच नसते. गवताची जमीन आणि पाण्याचा पृष्ठभाग एकाच पातळीत असतील, तर पाण्यात जमीन उमटण्याचा प्रश्नच येत नाही. उमटते ते फक्त जमिनीवर उभे असलेले.

आणि प्रत्येक उभी वस्तू उलटते ती स्वतःच्या पायाशी. मी गृहीत धरले होते तशी पाण्याच्या काठाची एकच एक रेघ सर्वांना लागू होत नाही. ज्याची त्याची रेघ ज्याच्या त्याच्या तळाशी असते. माझे झाड ६४ पिक्सेल उंच आहे आणि त्याचा बुंधा काठापासून ४० पिक्सेल दूर आहे. त्याचे प्रतिबिंब बुंध्यापाशी सुरू होऊन ६४ पिक्सेल खाली येते. त्यातले पहिले ४० पिक्सेल जमिनीवर पडतात, म्हणून दिसत नाहीत, आणि उरलेले २४ पिक्सेल, म्हणजे फक्त झाडाचा शेंडा, काठाला लागून पाण्यात दिसतो. बुंधा पाण्यात दिसायचा असेल तर झाड काठावरच उभे असावे लागेल. हे एकदा कळल्यावर मी पडद्याच्या प्रतीचा सगळा शेडर काढून टाकला. त्यासाठी खर्ची पडलेल्या चार संध्याकाळींचे थोडे वाईट वाटले, हे कबूल करते.

नव्या मांडणीत उंची असलेल्या प्रत्येक वस्तूची एक उलटी प्रत करायची होती, आणि ती प्रत फक्त जिथे पाणी आहे तिथेच दिसावी अशी सोय करायची होती. तळे एकच असते तर प्रतींना तळ्याच्या आकाराने कापून काम भागले असते, कारण गोडोमध्ये एखाद्या नोडच्या (दृश्यातल्या घटकाच्या) आकारात त्याची अपत्ये, म्हणजे त्याच्याखाली जोडलेले नोड, कापण्याची सोय आहे. परंतु डबकी चौदा होती, आणि नायक एका वेळी दोन डबक्यांत दिसू शकत होता. म्हणून मी एक सब-व्ह्यूपोर्ट घेतला, म्हणजे खेळाडूला थेट न दिसणारा, मुख्य पडद्याएवढाच दुसरा पडदा. त्याची पार्श्वभूमी पारदर्शक ठेवली आणि सगळी उलटी चित्रे त्याच्यावर रंगवली. मग तळे असो की डबके, प्रत्येकाचा शेडर फक्त एवढेच करतो की स्वतः पडद्यावर ज्या ठिकाणी आहे, त्याच ठिकाणचा रंग त्या दुसऱ्या पडद्यावरून उचलतो. एकाच चित्राकडे पाहणाऱ्या पंधरा खिडक्या, असे ते झाले. शिवाय एक फायदा न मागता मिळाला. पडद्याच्या प्रतीत फक्त दिसत असलेलेच उलटता येते, म्हणून पडद्याच्या माथ्याबाहेर उभ्या असलेल्या वस्तू पाण्यात कधीच उमटत नसत. आता झाडाचा बुंधा दृश्याबाहेर असला, तरी त्याची उलटी प्रत खरीखुरी अस्तित्वात असल्यामुळे पाण्यात बरोबर येते.

उलट्या प्रती मुख्य पडद्यावर दिसू नयेत म्हणून त्यांना वेगळ्या दृश्य-स्तरावर ठेवावे लागते. प्रत्येक नोडला स्तराचा क्रमांक असतो आणि प्रत्येक व्ह्यूपोर्टला आपण कोणते स्तर पाहायचे याची यादी असते. मी नायकाच्या नोडखाली त्याची उलटी प्रत ठेवली, तिला दुसरा स्तर दिला, सब-व्ह्यूपोर्टला फक्त दुसरा स्तर पाहायला सांगितले, आणि तिथे काहीही दिसेना. स्प्राइट (वस्तूचे चित्र) तपासले, कॅमेरा तपासला, पारदर्शकता तपासली, इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले. एक अख्खी संध्याकाळ गेल्यावर दस्तऐवजातील एक वाक्य सापडले, जे मी आधी वाचूनही वाचले नव्हते: नोड दिसण्यासाठी केवळ तो स्वतः नव्हे, तर त्याचे सर्व पालकही त्या स्तरावर असावे लागतात. माझा नायक पहिल्या स्तरावर होता, म्हणून त्याच्या पोटातली प्रत दुसऱ्या स्तरावर दिसणे शक्यच नव्हते. मग सर्व प्रती एका स्वतंत्र नोडखाली हलवल्या आणि प्रत्येक प्रतीला आपापल्या मूळ वस्तूमागे चालायला लावले.

मागे चालायला लावले खरे, पण त्या प्रती शब्दशः मागे चालू लागल्या. नायक चालताना त्याचे पाय आणि पाण्यातले पाय यांच्यात एक-दोन पिक्सेलची फट पडायची आणि तो थांबला की मिटायची. सब-व्ह्यूपोर्टचा कॅमेरा मुख्य कॅमेऱ्याची जागा नक्कल करत होता, पण ही नक्कल मुख्य कॅमेरा हलण्याच्या आधी होत होती, त्यामुळे दुसरा पडदा कायम एक फ्रेम मागच्या जागेवरून पाहत होता. गोडोमध्ये नोडांना प्रक्रियेचा प्राधान्यक्रम देता येतो. त्यात लहान आकडा आधी चालतो आणि मोठा नंतर, त्यामुळे नक्कल करणाऱ्या स्क्रिप्टला मोठा आकडा दिल्यावर फट नाहीशी झाली. एवढ्या लहानशा फटीने केवढा फरक पडतो, हे मला आधी कुणी सांगितले असते तर खरे वाटले नसते. एका फ्रेमने मागे असलेले प्रतिबिंब पाण्यातले वाटतच नाही. नायकाच्या पायाला बांधलेली कापडाची चिंधी फरफटत चालली आहे, असे वाटते.

स्प्राइट उलटे करण्याची क्रिया नोडच्या उगमबिंदूभोवती होते, म्हणून तो बिंदू वस्तूच्या पायाशी असेल तर उभ्या मापाला उणे एकने गुणले की काम संपते. माझ्या निम्म्या स्प्राइटांचे उगमबिंदू मात्र चित्राच्या मध्यावर होते, आणि ते सगळे हाताने खाली आणण्यात एक रविवार गेला. ही शिस्त आधीपासून पाळली असती, तर कोणती वस्तू कोणाच्या पुढे हा क्रमही आपोआप जुळला असता, कारण प्रतिबिंबातही जवळची वस्तू दूरच्या वस्तूला झाकते आणि जवळ-दूर ठरते ते पायाच्या जागेवरून. काठाच्या उंचीचा प्रश्न मात्र वेगळा होता. तळ्याला सहा पिक्सेल उंचीचा दगडी काठ आहे, म्हणजे काठावर उभ्या असलेल्या खांबाचा पाय पाण्याच्या पातळीपेक्षा सहा पिक्सेल वर आहे. अशा वेळी आरशाची रेघ खांबाच्या पायाशी नसते, पायाखाली सहा पिक्सेलवर असते, आणि खांबाचे प्रतिबिंब पायापासून बारा पिक्सेल सोडून सुरू होते. त्या बारांपैकी वरच्या सहांत काठाचा दर्शनी दगड असतो आणि खालच्या सहांत त्याच दगडाचे प्रतिबिंब. मी सुरुवातीला हे बारा पिक्सेल सोडले नव्हते, आणि खांब पाण्यावर तरंगत असल्यासारखे दिसत होते. आता प्रत्येक वस्तूला ‘पाण्यापासून उंची’ असा एक आकडा दिलेला आहे, आणि उडीसाठीही तोच आकडा उपयोगी पडला. नायक १४ पिक्सेल उंच उडतो, तेव्हा त्याची जमिनीवरची जागा न हलता तो वर जातो आणि त्याचे प्रतिबिंब तितकेच खाली, म्हणजे दोघांच्या पायांत २८ पिक्सेलचे अंतर पडते. डबक्यावरून उडी मारताना आपले प्रतिबिंब आपल्यापासून झपकन दूर जाऊन पुन्हा पायाला येऊन चिकटते, हे पाहायला मला अजूनही आवडते.

चित्र उलटे करणे म्हणजे प्रतिबिंब नव्हे, हे मला एका बाकड्याने शिकवले. तिरकस दृश्यात बाकड्याची वरची फळी आपल्याला दिसते, पण पाणी त्याच बाकड्याकडे खालून पाहते, त्यामुळे त्याला फळीची खालची बाजू दिसायला हवी. माझ्या डबक्यात वरचीच फळी उलटी होऊन, तिच्यावरच्या पानांसकट, चमकत होती. झाड, खांब, माणूस अशा उभट वस्तूंत ही चूक डोळा पोटात घालतो, पण सपाट माथा असलेल्या वस्तूंत ती लगेच उघडी पडते. अशा सात वस्तू निघाल्या. त्यांच्यासाठी मी माथा कापून टाकलेली आणि तिथे गडद पट्टा भरलेली वेगळी चित्रे काढली.

लाटांच्या बाबतीत माझी चूक जरा लाजिरवाणी होती. प्रत्येक ओळ साइनच्या तालावर थोडी डावी-उजवीकडे सरकवायची, ही युक्ती जुनी आणि पुरेशी आहे. पण माझा गेम तेव्हा मोठ्या पडद्याच्या पूर्ण रिझोल्यूशनवर रंगत होता, म्हणजे कलाकृतीचा एक पिक्सेल प्रत्यक्ष पडद्यावरच्या सहा बाय सहा ठिपक्यांचा होता, तर लाटांचे गणित मात्र प्रत्येक बारीक ठिपक्यासाठी वेगळे होत होते. त्यामुळे ठोकळेबाज नायकाच्या पायाखाली रेशमासारखे मुलायम पाणी वाहत होते. दोन वेगळ्या गेमची चित्रे एकत्र चिकटवल्यासारखे ते दिसे. शेडरमध्ये आधी जागा ३२० × १८० च्या जाळीवर आणून मग सरक मोजली, आणि ती सरकही पूर्ण पिक्सेलात गोल केली. तरीही नायक चालू लागला की लाटा त्याच्याबरोबर चालत, कारण साइनमध्ये मी पडद्यावरची जागा घातली होती. तिथे जगातली जागा घातल्यावर लाटा तळ्यात स्थिर झाल्या. इंजिनाचे घड्याळ मूळ मांडणीत दर ३६०० सेकंदांनी शून्यावर येते आणि त्या क्षणी माझ्या लाटा किंचित उडी मारतात. तासातून एकदा होणारी ही उडी मी तशीच राहू दिली आहे.

प्रतिबिंब किती गडद ठेवायचे, हा वरवर पाहता आवडीनिवडीचा प्रश्न आहे, पण मी त्याचे भौतिकशास्त्र एकदा तपासून घेतले. पाण्याकडे सरळ वरून पाहिले तर ते अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे २ टक्केच परत पाठवते. लंबापासून ६० अंश तिरके पाहिले तर सुमारे ६ टक्के, ८० अंशांना जवळजवळ एक तृतीयांश, आणि अगदी पृष्ठभागाला घासून पाहिले तर जवळपास सगळा. ही गणिते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑगस्तँ-झ्याँ फ्रेनेल याने मांडली, आणि आजही शेडर लिहिणारे त्याचेच नाव घेतात. माझा कॅमेरा साधारण ४५ अंशांवरून पाहतो, म्हणजे हिशेबाने माझ्या तळ्यात ३ टक्क्यांच्या आसपास प्रतिबिंब हवे. तसे करून पाहिले तर कंदील सोडून काहीही दिसले नाही, आणि गंमत म्हणजे ते अतिशय खरे वाटले. शेवटी झाडे आणि माणसे यांच्यासाठी ३० टक्के, आणि कंदील, खिडक्या अशा स्वतः उजळणाऱ्या वस्तूंसाठी ८० टक्के असा भेद केला. तळाचा रंग जितका काळा, तितके प्रतिबिंब उठून दिसते. म्हणून प्रतिबिंब वाढवण्याऐवजी पाण्याचा तळ गडद करणे हाच बहुतेक वेळा बरा उपाय ठरला. डबक्यांचा तळ मात्र फरशीच्या रंगाचा ठेवावा लागला, नाहीतर ती डबकी न वाटता खड्डे वाटत.

दालनाच्या फरशीला हेच तंत्र लावले, फक्त लाटा काढून टाकल्या आणि एक गोष्ट वाढवली. पूर्ण सपाट नसलेल्या पृष्ठभागात पायाजवळचे प्रतिबिंब स्पष्ट असते आणि जसजसे वस्तूच्या वरच्या भागाकडे जावे तसतसे ते पुसट होत जाते. ही पुसटी स्प्राइटच्या टेक्स्चरवरच्या (मूळ चित्रफाइलीवरच्या) उभ्या अंशावरून मोजावी, असे मला वाटले. झाडांना ती नीट लागली, पण नायक चालताना त्याचे प्रतिबिंब दर पावलाला लुकलुकू लागले. नायकाच्या सर्व हालचाली चित्रांच्या एकाच मोठ्या पटावर ओळीने काढलेल्या आहेत, त्यामुळे तो अंश नायकाच्या उंचीचा नव्हता, तर त्या संपूर्ण पटाच्या उंचीचा होता, आणि प्रत्येक फ्रेम पटावर वेगळ्या जागी असल्याने पुसटीही वेगळी येत होती. उगमबिंदू पायाशी आणण्यात घालवलेला तो रविवार इथे कामी आला, कारण आता शेडरच्या पहिल्या टप्प्यात मिळणारे स्थानिक उभे अंतर म्हणजेच पायापासूनची उंची होती. ते पुढच्या टप्प्याकडे पाठवले आणि लुकलुक थांबली. कंदिलाचे प्रतिबिंब मात्र फरशीत गोल न राहता आपल्या दिशेने खाली लांबत जाणाऱ्या पट्ट्यासारखे दिसायला हवे, जसे ओल्या रस्त्यावर दिव्यांचे दिसते. त्यासाठी वेगळा उभट स्प्राइट काढून तो रंगांची बेरीज करणाऱ्या मिश्रणाने रंगवला.

राहिला आरसा. तो मी शेवटी ठेवला होता, कारण मला वाटले होते की पाण्याच्या मानाने तो किरकोळ असेल.

भिंतीवरच्या आरशात नायक उलटा होत नाही, तो भिंतीच्या पलीकडे जातो. नायक भिंतीपासून वीस पिक्सेल अलीकडे असेल तर त्याची प्रतिमा वीस पिक्सेल पलीकडे, म्हणजे पडद्यावर तेवढीच वर. आरशाचा आकार वापरून प्रतिमा कापली की झाले. पण नायक पाठमोरा, आरशाकडे तोंड करून उभा असेल, तर आरशात त्याचे तोंड दिसायला हवे, म्हणून ‘वर चालणे’ या हालचालीच्या जागी ‘खाली चालणे’ दाखवायचे, इतके मला माहीत होते. तसे केले आणि नायकाला आरशापुढे उभे केले, तर खऱ्या नायकाचा कंदील पडद्याच्या उजव्या बाजूला आणि आरशातल्याचा डाव्या. पाठमोऱ्या माणसाचा उजवा हात आपल्या उजवीकडे असतो, समोरून पाहिलेल्याचा डावीकडे. आरशात मात्र कंदील खऱ्या कंदिलाच्या बरोबर समोरच दिसला पाहिजे. माझ्या आरशातून प्रतिमेऐवजी दुसराच एक माणूस नायकाकडे पाहत होता.

कागदावर चार दिशा काढून बसल्यावर एक नियम हाती आला, आणि या सगळ्या उद्योगात मला सर्वांत समाधान त्याने दिले: नायकाला अर्धा फेरा फिरवा आणि मग चित्र डावे-उजवे पलटा. वर पाहणारा नायक अर्ध्या फेऱ्याने खाली पाहू लागतो, आणि पलटल्यावर कंदील योग्य बाजूला येतो. डावीकडे चालणारा नायक अर्ध्या फेऱ्याने उजवीकडे तोंड करतो आणि पलटल्यावर पुन्हा डावीकडे, म्हणजे दिशा तीच राहते. मग फिरवले कशासाठी? तर डावीकडे चालताना नायकाचा उजवा हात आपल्यापासून पलीकडच्या बाजूला असतो आणि कंदील शरीराआड जातो, पण आरसा पलीकडे असल्यामुळे त्याला तो हात समोर दिसतो. उजवीकडे चालण्याच्या चित्रात कंदील अलीकडच्या हातात असतो आणि तेच चित्र पलटले की आरशाला जे दिसते ते मिळते. चारही दिशांना एकच नियम, एकही अपवाद नाही.

नियम बरोबर होता, पण माझी चित्रे खोटी होती. वेळ वाचवण्यासाठी मी ‘डावीकडे चालणे’ काढलेच नव्हते. बहुतेक जण करतात तसे ‘उजवीकडे चालणे’ नुसते पलटून वापरले होते. त्यामुळे माझा नायक वळताना कंदील एका हातातून दुसऱ्या हातात घेत होता, आणि इतक्या महिन्यांत हे कुणालाच, मलाही, दिसले नव्हते. आरशापुढे डावीकडे चालताना मात्र दोन्हीकडे कंदील अलीकडेच दिसू लागला आणि चोरी पकडली गेली. डावीकडे चालण्याचे आठ फ्रेम नव्याने काढावे लागले, ज्यांत कंदिलाचा फक्त उजेड आणि तळाची कडा शरीरामागून डोकावते. आता नायक अंगणातही डावीकडे जाताना पुढची वाट अंधारी होते आणि उजवीकडे जाताना उजळते. हे ठरवून केलेले नव्हते, पण ठेवण्यासारखे होते.

आरशात दोन लबाड्या मी जाणूनबुजून केल्या आहेत. तिरकस सपाट दृश्यात नायक मागे सरकू लागला की प्रतिमा सरळ वर चढत जाते. माझा आरसा जमिनीपासून दहा पिक्सेलवर सुरू होतो आणि चाळीस पिक्सेल उंच आहे, तर नायक चोवीस पिक्सेलचा आहे, म्हणजे तो भिंतीपासून तीस पिक्सेल दूर गेला की प्रतिमेचे डोके चौकटीबाहेर कापले जाते. हे हिशेबाने बरोबर आहे, पण पाहणाऱ्याला ती चूक वाटते. म्हणून प्रतिमा प्रत्यक्षात निम्म्याच वेगाने मागे जाते. दुसरी लबाडी खोलीच्या चौथ्या भिंतीची आहे. तिरकस दृश्यात अलीकडची भिंत कधीच काढलेली नसते, कारण ती काढली तर खोलीच झाकली जाईल, पण आरसा नेमका तिच्याकडेच पाहत असतो. तिथे काय दाखवायचे हे ठरेना, तेव्हा मी आरशाची पार्श्वभूमी गडद ठेवली आणि तिच्यात एक बारीक, उजळ खिडकी काढली. ती खिडकी खोलीत कुठेही नाही.

एक प्रतिबिंब मात्र मी सोडून दिले. तळ्यावरून अधूनमधून एक पक्षी उडत जातो. त्याला पाय टेकायला जमीन नसल्यामुळे त्याची आरशाची रेघ कुठे, हे त्याच्या उंचीवरून ठरवावे लागते, आणि मी ती ९० पिक्सेल धरली होती. पाणी त्याच्या खाली ९० पिक्सेलवर आणि प्रतिबिंब त्याखाली आणखी ९० वर, म्हणजे एकूण १८०, आणि माझा पडदाही नेमका तेवढाच उंच आहे. पक्षी पडद्याच्या माथ्यावरून जातो तेव्हा त्याचे प्रतिबिंब पडद्याच्या तळाच्या कडेवर असते, आणि तिथे तळे नाही, डबकेही नाही. पंधरावे डबके काढायचे मी दोनदा मनावर घेतले आणि दोन्ही वेळा फाइल न साठवता बंद केली.